ऑक्टोपस क्लिपमधून सारखा सुटतोय? क्लिप बदलण्याआधी होज तपासा

तक्रार ठरलेली असते. बोटीवर ऑक्टोपस, म्हणजे हवा संपलेल्या दुसऱ्या डायव्हरला श्वास घ्यायला द्यायचा जादा रेग्युलेटर, छातीवरच्या क्लिपमध्ये नीट बसवलेला असतो. पाण्यात दहा मिनिटं झाली की बडी (जोडीदार डायव्हर) खुणेने दाखवतो, ऑक्टोपस गुडघ्याशी लोंबतोय. पुन्हा अडकवला की पुन्हा सुटतो. मग नवी क्लिप येते, चार दिवस बरी चालते आणि तीही दगा देते. मग आणखी घट्ट क्लिप येते. शेवटी कोणीतरी वैतागून ऑक्टोपस केबल टायने थेट डी-रिंगला (पट्ट्यावरच्या कडीला) आवळून टाकतो. हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट आहे. लोंबणारा ऑक्टोपस निदान ओढून घेता येतो, आवळलेला घेताच येत नाही.

बहुतेक वेळा क्लिपचा काही दोष नसतो. तिला ज्या होजशी, म्हणजे हवेच्या नळीशी, झगडावं लागतं तो चुकीच्या लांबीचा, चुकीच्या वाटेने आणलेला किंवा पीळ बसलेला असतो. होज सतत एका बाजूला ओढत असेल तर कितीही महागाची क्लिप लावा, ती दोनपैकी एक करणार: सुटणार, नाहीतर इतकी घट्ट असणार की गरजेच्या वेळी सुटणार नाही. म्हणून तपासणी होजपासून सुरू करा.

होज कुठे ओढतोय

बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट), टँक, रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासाला देणारा संच) नेहमीसारखं जोडा, टँक उघडा आणि अंगावर चढवा. टँक बंद ठेवून ही तपासणी करण्यात अर्थ नाही. रिकामा रबरी होज मऊ असतो. आत 9-10 बार प्रेशर आलं की तो ताठ होतो आणि सरळ व्हायला बघतो. क्लिपला झुंजायचं असतं ते या ताठ होजशी.

आता ऑक्टोपस क्लिपमधून काढा आणि क्लिपच्याच जागी छातीवर तळहाताने नुसता टेकवून ठेवा, मुठीत पकडू नका. मान पूर्ण डावीकडे वळवा, मग उजवीकडे. कमरेत पुढे वाका. उजवा हात डोक्यावर न्या, मग पुढे ताणा. हे करताना तळहाताला काय जाणवतं त्यावर निदान ठरतं. ऑक्टोपस मागे किंवा वर खेचला जात असेल तर होज आखूड आहे किंवा वाट चुकली आहे. तो जागच्या जागी स्वतःभोवती फिरू बघत असेल तर होजला पीळ आहे. शांत बसत असेल, पण होजचा फुगवटा कोपराच्या बाहेर वीतभर डोकावत असेल, तर होज लांब आहे. असा फुगवटा शिडीत, बोटीच्या कडेला, शेजारच्याच्या फिनमध्ये अडकतो आणि एका हिसक्यात ऑक्टोपस बाहेर येतो. मग खापर क्लिपवर फुटतं.

आखूड होजचं कारण बरेचदा साधं असतं. तोंडात धरायच्या सेकंड स्टेजचा (रेग्युलेटरच्या तोंडाकडच्या भागाचा) होज साधारण 70-75 सेंमी असतो आणि ऑक्टोपसचा 90-100 सेंमी. भाड्याच्या सेटमध्ये दुरुस्तीच्या वेळी हे होज एकमेकांच्या जागी जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. टेप घेऊन मोजा. ऑक्टोपसवर 75 सेंमीचा होज निघाला तर पुढचं वाचायचीही गरज नाही, होज बदला.

लांबी बरोबर असूनही ओढ असेल तर फर्स्ट स्टेजकडे, म्हणजे टँकवर बसणाऱ्या भागाकडे, बघा. ऑक्टोपसचा होज उजव्या बाजूच्या, खाली तोंड असलेल्या एलपी (कमी दाबाच्या) पोर्टमधून निघाला तर तो थेट काखेखालून छातीवर येतो. तोच वर किंवा मागे तोंड असलेल्या पोर्टला लावला तर आधी एक कमान घेतो आणि 15-20 सेंमी तिथेच खर्ची पडतात. काही फर्स्ट स्टेजचा खालचा भाग गोल फिरतो. त्यावर हा प्रश्न क्वचितच येतो. न फिरणाऱ्यांवर पोर्टची निवडच सगळं ठरवते.

पोर्ट बदलताना टँक बंद करा, पर्ज (सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं बटण) दाबून सगळं प्रेशर सोडा आणि फर्स्ट स्टेज टँकवरून काढून घ्या. बहुतेक एलपी होजना 14 मिमीचा पाना बसतो. होजच्या तोंडावरची ओ-रिंग (3/8 इंच आट्यांसाठी 011 नंबरची) जागेवर आहे का, तिच्यावर वाळूचा कण किंवा चीर आहे का ते बघा. आटे शेवटपर्यंत बोटांनी बसले पाहिजेत. मध्येच अडले तर पाना लावून रेटू नका, उलटं फिरवून पुन्हा सुरू करा. शेवटी पान्याने हलका झटका, साधारण 4.5 न्यूटन-मीटर. हवा ओ-रिंग अडवते, जोर नाही. जास्त आवळल्याने फायदा काहीच नाही, पुढच्या वेळी काढणाऱ्याच्या मनगटाचे हाल मात्र होतात. एचपी (जास्त दाबाच्या) पोर्टचे आटे 7/16 इंचाचे, म्हणजे मोठे असतात, त्यामुळे आजच्या रेग्युलेटरवर अदलाबदल सहसा होत नाही; तरी पोर्टवरची खूण वाचण्याची सवय बरी.

पिळाचं निदान रबरी होजवर फार सोपं आहे. होजच्या लांबीवर कंपनीची अक्षरं आणि दाबाचा आकडा छापलेला असतो. ती ओळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जायला हवी. ती होजभोवती वळसे घेत जात असेल तर नट आवळताना होजही फिरला होता. जाळीदार होजवर ही ओळ नसते, तिथे तळहाताची चाचणीच खरी. पीळ काढायला सेकंड स्टेजकडचं टोक सैल करा, पण दोन पाने वापरून: एकाने सेकंड स्टेजची नळी धरायची, दुसऱ्याने होजचा नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर केला तर नटाबरोबर नळीही फिरू शकते, आतल्या लिव्हरचं सेटिंग बिघडतं आणि सुटणाऱ्या ऑक्टोपसबरोबर गळणारा ऑक्टोपसही पदरी पडतो.

पीळ असलेल्या होजचा आणखी एक तोटा आहे आणि तो ऐन वेळी कळतो. क्लिपमधून काढून समोरच्याला दिल्यावर सेकंड स्टेज उलटी पोहोचते, एक्झॉस्ट (सोडलेला श्वास बाहेर जायची वाट) वर आणि पर्ज बटण भलतीकडे. बहुतेक सेकंड स्टेज उलट्या धरल्या की श्वासाबरोबर पाणी येतं. हवा संपून आधीच घाबरलेल्या माणसाला ते परवडत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर बडीला समोर उभं करून ऑक्टोपस द्या. मनगट न पिळता तो सरळ त्याच्या तोंडात गेला पाहिजे.

मग क्लिप

होज शांत बसतोय, तरी ऑक्टोपस सुटतोय? आता क्लिपची पाळी. क्लिप हनुवटी आणि बरगड्यांची खालची दोन टोकं यांच्यामधल्या त्रिकोणातच हवी, कारण हवा संपलेला माणूस तिथेच शोधतो. कमरेच्या पट्ट्यावरची क्लिप कितीही पक्की असली तरी उपयोगाची नाही.

सर्वांत जास्त वापरली जाते ती सिलिकॉनची वेटोळी क्लिप, जिच्यात होज दुमडून त्याची कमान खुपसतात. साधा रबरी एलपी होज 12-13 मिमी जाडीचा असतो आणि या क्लिपा त्या मापाच्या असतात. तुम्ही मधल्या काळात जाळीदार, लवचीक होज घेतला असेल तर तो जरा बारीक आणि वरून गुळगुळीत असतो. तीच क्लिप त्याला ढिली पडते. लोक म्हणतात क्लिप सैल झाली. क्लिप होती तशीच आहे, होज बदललाय. छोट्या मापाची क्लिप घ्या. जुन्या क्लिपला रबरबँड गुंडाळण्याचा जुगाड एखादा दिवस चालतो, पण रबरबँड खाऱ्या पाण्यात लवकर तुटतो आणि त्याचा तुकडा समुद्रात जातो. क्लिप खरोखर सैल झाली आहे का हे बघायचं असेल तर ती रिकामी धरा आणि तोंड चिमटीने मिटवून सोडा. लगेच पूर्ववत झाली तर ठीक. मिटलेलीच राहिली किंवा कडांवर बारीक भेगा दिसल्या तर तिचं आयुष्य संपलं.

या प्रकारात होज त्याच्या टोकाच्या धातूच्या टोपणापासून किमान चार बोटं अंतर सोडून दुमडा. टोपणाला लागून दुमडला तर होज नेमका तिथेच फुटतो.

दुसरा प्रकार बुचाचा: माउथपीसच्या तोंडात सिलिकॉनचा गोळा बसतो. वाळू आत जात नाही, हा मोठा फायदा. पण इथे सगळा ताण माउथपीसवर येतो. माउथपीस सेकंड स्टेजला धरून ठेवतो तो एक छोटा केबल टाय. तो सैल किंवा अर्धवट तुटलेला असेल तर हिसका मारल्यावर सेकंड स्टेज हातात येते आणि माउथपीस बुचावर तसाच राहतो. समोरच्याला तुम्ही नुसती नळी देता. हे टाळायला दर डाइव्हआधी माउथपीस दोन बोटांत धरून फिरवा आणि ओढा. तो फिरत असेल तर टाय बदला. नवा टाय सेकंड स्टेजच्या खाचेत बसवा, डोकं वरच्या बाजूला, ओठाला लागणार नाही असं. उरलेलं टोक नेलकटरने अगदी सपाट कापा. तिरकं कापलेलं टोक ब्लेडसारखं असतं.

मॅग्नेटवाल्या क्लिपा वापरायला सुखाच्या, पण आपल्या किनाऱ्यावर त्यांची एक खास कटकट आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही पुळणींवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइट असतं. ते चुंबकाला दाढीसारखं चिकटतं, दोन तोंडांमध्ये थर बसतो आणि पकड निम्म्यावर येते. पाण्याने धुऊन ते जात नाही. चिकटपट्टीचा तुकडा चुंबकावर दाबून ओढला की निघतं. दुसरी गोष्ट, चुंबक कंपासला फसवतो, आणि डाइव्ह कॉम्प्युटरमधल्या डिजिटल कंपासलाही. कंपास मनगटावर ठेवून हात छातीशी आणा आणि लांब न्या. सुई हलली तर दिशा बघताना हात लांब ठेवूनच बघावी लागेल. निओडिमियम चुंबकाचं वरचं आवरण एकदा टवकलं की तो आतून गंजून फुगतो; असा चुंबक फेकून द्या. शरीरात पेसमेकर असलेल्यांनी छातीवर मॅग्नेटवाली क्लिप लावू नये.

उरला बोल्ट स्नॅप, म्हणजे पिन मागे ओढून उघडायचा धातूचा हुक. ऑक्टोपस बोल्ट स्नॅपने थेट डी-रिंगला अडकवू नका. घाबरलेला माणूस ऑक्टोपस हिसकावतो, पिन मागे ओढत बसत नाही. स्नॅपच हवा असेल तर स्नॅप आणि होज यांच्यामध्ये ओ-रिंगचा एक कमकुवत दुवा ठेवा, म्हणजे हिसक्याने ओ-रिंग तुटेल. जाड, नवी ओ-रिंग मात्र तुटत नाही, नुसती ताणते. लावलेला दुवा खरंच तुटतो का ते जमिनीवर एकदा तोडून बघा आणि त्याच जाडीच्या आणखी ओ-रिंग जवळ ठेवा.

आणि कडीला आत ढकलायचं दार असलेले स्नॅप, म्हणजे कुत्र्याच्या साखळीला किंवा किल्ल्यांना असतात तसले, पाण्यात नेऊच नका. त्यांचं दार बाहेरून दाबलं की उघडतं, त्यामुळे दोरी, जाळं, गळाची तंगूस आपोआप आत शिरते आणि बाहेर येत नाही. खडकांच्या कपारींत जुनी जाळी अडकलेली असतात अशा ठिकाणी ही कल्पनेतली भीती नाही.

किती जोराने सुटलं पाहिजे

यासाठी घरात असेल तो ताणकाटा पुरतो. क्लिप डी-रिंगला लावा, ऑक्टोपस बसवा, काटा सेकंड स्टेजच्या मुळाशी अडकवून पुढे ओढा आणि सुटतानाचा आकडा वाचा. दीड किलोच्या आत सुटला तर बॅक रोलच्या (होडीच्या कडेवरून पाठीवर पाण्यात पडण्याच्या) धक्क्याने तो बाहेर येणार. चार किलोपर्यंत सुटला नाही तर थंडीने बधिर किंवा घाबरलेल्या हाताला तो जड जाणार. हा पट्टा कुठल्या मानकातला नाही, कामाचा अंदाज आहे. पण "जरा घट्टच वाटतंय" यापेक्षा बरा. ओल्या हातमोज्यांनीही एकदा ओढून बघा, सिलिकॉन ओलं झालं की पकड बदलते. ओढताना क्लिपसकट सगळंच हातात आलं, तर क्लिप डी-रिंगवर बसवणारा दुवा कच्चा आहे. तिथे निरगाठीची दोरी चालेल, सुटायचं ते फक्त ऑक्टोपसच्या बाजूने.

मालवण-तारकर्लीच्या छोट्या होड्यांवरून बॅक रोल करताना क्लिपवर विसंबू नका. एक हात मास्क आणि रेग्युलेटरवर, दुसरा ऑक्टोपस आणि गेज छातीशी धरून. पाण्यात पडताना होजला जो हिसका बसतो तो पुढच्या सबंध डाइव्हमध्ये बसत नाही.

क्लिपमध्ये असतानाच ऑक्टोपस हवा सोडतोय

हा क्लिपचा प्रश्न म्हणूनच पुढे येतो, म्हणून इथे. तोंड वर करून लोंबणारी सेकंड स्टेज पाण्यात हवा सोडू लागते, कारण डायफ्राम (पर्ज बटणामागचा रबरी पडदा) माउथपीसपेक्षा खोल जातो आणि पाण्याचा दाब त्याला आत ढकलतो. माउथपीस खाली येईल असा बसवा. पर्ज बटण बीसीडीच्या खिशावर किंवा पट्ट्यावर दाबलं जात नाही ना ते बघा. बीसीडी फुगवल्यावर बघा, कारण रिकाम्या बीसीडीत जागा असते आणि फुगली की ती छातीवर येऊन बटण दाबते. सेकंड स्टेजवर व्हेंचुरीचा (हवेचा झोत कमी-जास्त करणारा) खटका असेल तर ऑक्टोपसवर तो 'प्री-डाइव्ह' किंवा वजा खुणेवर ठेवा. हे सगळं करूनही हवा सुटत असेल तर काम सर्व्हिसवाल्याचं आहे.

गेज: इथे बोल्ट स्नॅपच योग्य

प्रेशर गेज कोणाला द्यायचा नसतो, त्यामुळे त्याला पक्कं अडकवलेलं चालतं. नुसता लोंबणारा गेज प्रवाळाला फटके मारत जातो, आणि गेज वाचायला प्रत्येक वेळी मागे हात घालून शोधावा लागतो. सुटा गेज असेल तर साधारण 60 सेंमीचा एचपी होज आणि डाव्या कमरेची डी-रिंग ही जोडी सुटसुटीत पडते. भलामोठा कन्सोल (गेज, कंपास वगैरे एकत्र असलेला) असेल तर 80-90 सेंमीचा होज लागतो आणि तो छातीच्या डाव्या बाजूला अडकवलेला बरा.

रिट्रॅक्टर, म्हणजे स्प्रिंगने दोरी आत ओढून घेणारी डबी, अनेकांना आवडतो. अडचण अशी की आतली स्प्रिंग खाऱ्या पाण्याने जाते आणि दोरी काचत जाऊन एक दिवस तुटते. कुलपाशिवायचा रिट्रॅक्टर जड कन्सोलला पेलत नाही. अर्ध्यावर लोंबतो आणि लोंबण्याची समस्या आहे तिथेच राहते. घेतलाच तर कुलूप असलेला घ्या आणि दर डाइव्हनंतर दोरी पूर्ण बाहेर ओढून गोड्या पाण्यात बुडवा.

स्नॅप बांधताना चूक होते ती जागेची. दोरी गेजला किंवा त्याच्या फिरत्या नटाला बांधू नका. तिथे बांधली की प्रत्येक ओढ गेजच्या मानेतल्या बारीक पिनवर आणि तिच्या दोन ओ-रिंगवर येते, आणि काही महिन्यांत मानेशी बुडबुडे दिसू लागतात. दोरी होजच्या टोकाच्या धातूच्या टोपणावर बांधा. रबरावरही नको, तिथे ती सरकते आणि रबर कापते.

लागणारं सामान: 316 स्टेनलेसचा 7-9 सेंमीचा बोल्ट स्नॅप, 2 मिमी विणीची नायलॉन दोरी 60 सेंमी, कात्री, लायटर.

1. रेग्युलेटरमधलं प्रेशर काढा.
2. दोरी स्नॅपच्या कडीतून ओवून दोन्ही टोकं सारखी करा.
3. स्नॅप टोपणाला समांतर धरा. एक टोक टोपणाभोवती फिरवून कडीतून काढा, मग दुसरं टोक उलट दिशेने. असे तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याला खेटून.
4. आता दोन्ही टोकं कडी आणि टोपण यांच्या मधल्या फटीत, आधीच्या वेढ्यांवरून आडवी दोनदा गुंडाळा आणि जोर लावून आवळा. बांधणी डुगडुगायची थांबते ती या आडव्या वेढ्यांनी. लोक हीच पायरी गाळतात.
5. दोन अर्ध्या गाठी मारा, पहिली उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एकाच दिशेने मारल्या तर गाठ सरकते. वर तिसरी मारली तर हरकत नाही.
6. टोकं 5-6 मिमी ठेवून कापा. होजवर ओलं फडकं गुंडाळून मगच लायटरने वितळवा.

दोरीच का, केबल टाय किंवा धातूची कडी का नाही? कुठे अडकलात तर सुरीने एका झटक्यात कापता यावं म्हणून. धातूला धातू जोडला की पाण्याखाली तो सोडवायला काही उरत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला चकचकीत स्नॅप बरेचदा जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेला असतो. एका मोसमात त्यावर पांढरे फोड येतात आणि स्प्रिंग गंजते. दुकानदार चुंबक लावून "बघा, स्टेनलेस" म्हणतो, त्याने जस्त किंवा पितळ ओळखता येत नाही, कारण तेही चुंबकाला चिकटत नाहीत. 304 आणि 316 मधला फरकही चुंबकाने कळत नाही. 316 असा शिक्का असलेलाच घ्या.

गळ्यातला बंजी आणि लांब होज

तोंडातलाच रेग्युलेटर द्यायचा, आणि स्वतः गळ्यातला घ्यायचा, ही पद्धत वापरणाऱ्यांकडे ऑक्टोपस सुटण्याचा प्रश्नच येत नाही, आणि आमच्या मते लोंबणाऱ्या ऑक्टोपसवरचा हा सर्वांत नेटका इलाज आहे. पण त्याची संपूर्ण मांडणी बदलावी लागते: द्यायच्या रेग्युलेटरला 1.5 मीटर (केव्ह आणि तांत्रिक डायव्हिंगला 2.1 मीटर) होज, गळ्यातल्याला साधारण 56 सेंमी. अर्धवट केलं तर फजिती होते. साध्या 90 सेंमी होजचा ऑक्टोपस गळ्यात अडकवला तर उरलेला होज कानामागे फुगवटा काढून बसतो. पद्धत बदलायची तर आधी बडीला सांगा आणि उथळ पाण्यात दोघांनी मिळून सराव करा. त्याला पिवळा ऑक्टोपस शोधायची सवय असते.

बंजी (आत रबर असलेली ताणणारी दोरी) 4-5 मिमीची, माउथपीसच्या मागे टायच्या आत दोन्ही टोकांना घट्ट गाठ. लांबी अशी की हात न लावता मान खाली घालून माउथपीस दातांत पकडता यावा. गळ्याला घट्ट नको आणि छातीपर्यंत लोंबतही नको. बंजीच्या आतलं रबर उन्हाने जातं आणि वरचं कापड शाबूत दिसतं, म्हणून ओढून बघा. ताणल्यावर परत आखडली नाही तर बदला.

लांब होजवर नेहमी सापडणारी चूक: पोहताना बाजूला अडकवलेल्या टॉर्चची दोरी किंवा गळ्यातल्याचा होज लांब होजच्या वरून जातो. मग देताना तो अर्ध्यावर अडतो. प्रत्येक डाइव्हच्या सुरुवातीला पूर्ण लांबी ओढून काढा. सगळ्यांत वरचा होज तोच असला पाहिजे.

जाम झालेला स्नॅप

पिनेच्या खाचेत मीठ बसतं. कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि पाण्यातच पिन मागे-पुढे करा. न सुटल्यास व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, दहा-पंधरा मिनिटं, मग भरपूर स्वच्छ पाणी. स्नॅप होजला बांधलेलाच असेल तर व्हिनेगर नको, दोरी कापून काढा आणि नंतर नवीन बांधा. गंजरोधक तेलाचा फवारा रेग्युलेटरच्या आसपास मारू नका, रबर आणि सिलिकॉन फुगतं.

क्लिपपाशी होज चिरतोय

टोपणापाशी होज वाकवून बघा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या, किंवा प्रेशर असताना फुगीर गाठ दिसली, तर तो होज संपला. एलपी होज फुटला की टँक काही मिनिटांत रिकामा होतो. एचपी होजच्या फर्स्ट स्टेजकडच्या टोकात सुईच्या छिद्राएवढी वाट असते, म्हणून तो फुटल्यावर आवाज मोठा येतो पण हवा हळू जाते. दोन्हींत डाइव्ह संपवायचीच, पण घाई कुठे जास्त हे माहीत असावं.

होज प्रोटेक्टर, म्हणजे फर्स्ट स्टेजपाशी होजवर असलेली रबरी बाही, वाकण्याला आळा घालते आणि गंज लपवते. धुताना ती मागे सरकवा. तिच्याखाली हिरवट थर दिसला तर होज सर्व्हिसला द्या.

जाळीदार होजबद्दल एक इशारा. काही जाळीदार होजच्या आतलं पॉलियुरेथेनचं अस्तर उष्ण, दमट हवेत खराब होऊन आत स्फटिकासारखा कचरा साठल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. तो वाट बुजवतो आणि बाहेरून होज नवाकोरा दिसतो. कोकण, गोवा, अंदमान, सगळीकडे हवा तशीच आहे. श्वास नेहमीपेक्षा जड लागला तर क्लिप, माउथपीस तपासत बसू नका, होज सोडवून आतून टॉर्च मारा.

गेजच्या मानेशी बुडबुडे

बारीक धार असेल तर घाबरण्याचं कारण नाही, पण पुढच्या डाइव्हआधी दुरुस्ती हवी. प्रेशर काढा, दोन पान्यांनी गेज सोडवा. मध्ये सुईसारखी पोकळ पिन निघेल, तिच्या दोन टोकांना दोन ओ-रिंग, 003 नंबरच्या. दोन्ही बदला, एकच बदलली तर दुसरी लवकरच गळेल. जुन्या ओ-रिंग लाकडी टूथपिकने काढा, धातूच्या टोकाने पिनवर ओरखडा गेला तर नवी ओ-रिंगही गळते. किंचित सिलिकॉन ग्रीस. नायट्रॉक्स (ऑक्सिजन वाढवलेली हवा) वापरत असाल तर ऑक्सिजनला चालणारं ग्रीस. नट हलकाच बसवा. टँक उघडताना गेजची काच स्वतःकडे किंवा कोणाकडे नको, जमिनीकडे ठेवा आणि व्हॉल्व्ह सावकाश उघडा.

पावसाळ्यात ठेवताना

आपल्याकडे समुद्र जवळपास ऑक्टोबर ते मे चालतो, मग सामान तीन-चार महिने पडून राहतं. त्या मुक्कामात क्लिपा आणि होज दोघांचंही नुकसान होतं. ऑक्टोपस सिलिकॉनच्या क्लिपमध्ये खुपसून ठेवू नका. क्लिप तशीच उघडी राहायला शिकते आणि होज दुमडलेलाच राहतो. बुचावर माउथपीस ठेवू नका, आत ओल राहून बुरशी धरते. रेग्युलेटर खिळ्याला टांगला की होजचं सगळं वजन टोपणावर येतं. मोठ्या डब्यात सैल वेटोळं करून आडवं ठेवा, वेटोळ्याचा व्यास निदान वीतभर तरी असावा.

ठेवण्याआधी धुताना डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण) कोरडी करून घट्ट लावा, आणि प्रेशर नसताना पर्ज दाबू नका. दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. बोल्ट स्नॅप होजला बांधलेला असेल तर पिन उघडी ठेवायला तिच्यात आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा अडकवा, आणि मॅग्नेटची क्लिप वेगळ्या डब्यात, कंपासपासून लांब.